सापडायला काहीतरी द्या

आमच्या मुलीच्या शाळेत प्रामाणिकपणा दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झाला. त्याआधी जूनमध्ये नीटनेटकेपणा झाला होता. ऑगस्टात राष्ट्रभक्ती झाली, कारण झेंडावंदन तसंही असायचंच. सप्टेंबरात वैज्ञानिक दृष्टिकोन होता, पण मधे गणपती आल्यामुळे तो अर्धवट राहिला. दर महिन्याला एक मूल्य, अशी मूल्यशिक्षणाची पद्धत होती. मूल्यांची छापील यादी सरकारकडून आली होती आणि तिच्यात प्रामाणिकपणा वेगळा असा कुठे दिसत नव्हता. तो मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, स्वतःच्या अधिकारात घातला.

हे दोन हजार सालानंतरचं अंबरनाथ. रोज संध्याकाळी भारनियमन व्हायचं आणि वीज कधी येणार हे कुणी विचारायचंही बंद केलं होतं. मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये लेडीज पर्स शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करायचे. नवरा इथल्याच एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीत, पाळ्यांमध्ये. मुलगी चौथीत होती. मी घरी पोहोचेपर्यंत ती समोरच्या दारात राहणाऱ्या शेजारणीकडे असायची. शेजारणीची मुलगी तिच्याच वर्गात होती. दोघी एकत्र शाळेत जायच्या, एकत्र यायच्या, एकाच ताटात खायच्या आणि भांडण झालं तर जिन्याच्या दोन टोकांना बसून एकमेकींची वाट बघायच्या. शेजारणीने कधी मला 'उशीर का झाला' असं विचारलं नाही. माझी नोकरी त्या बाईच्या जिवावर चालली होती, असं म्हटलं तरी चालेल.

प्रामाणिकपणाच्या आधी पालकसभा झाली. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही मुलांच्या बाकांवर गुडघे कसेबसे घुसवून बसलो. रात्रपाळी करून थेट आलेले बाप मागच्या बाकांवर बसले आणि बसताक्षणी झोपले. त्यांच्या कपड्यांना कंपनीचा वास येत होता. कोण कुठल्या खात्यात काम करतो ते बायकांना नुसत्या वासावरून कळायचं. आमचे हे तिसऱ्या बाकावर भिंतीला डोकं टेकून होते.

"संस्कार हा काही एकट्या शाळेचा विषय नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "घरून प्रोत्साहन मिळालं पाहिजे. तुम्ही पालक यात उतरला नाहीत, तर आम्ही कितीही घसा फोडला तरी उपयोग नाही."

मग त्यांनी योजना सांगितली. ज्या मुलाला रस्त्यात, मैदानात, कुठेही कुणाची हरवलेली वस्तू सापडेल, त्याने ती शाळेत आणून द्यायची. परिपाठाच्या वेळी त्याचं नाव पुकारलं जाईल, दर्शनी फळ्यावर लिहिलं जाईल, आणि सगळी शाळा त्याच्यासाठी पावसाची टाळी वाजवेल. पावसाची टाळी म्हणजे एका बोटाने सुरू करून हळूहळू पूर्ण पंज्याने वाजवायची. वस्तू ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवल्या जातील. महिनाअखेरीला त्यांचं प्रदर्शन भरेल, ज्याची त्याने ओळखून न्यावी, आणि सर्वांत जास्त वस्तू आणणाऱ्या विद्यार्थ्याचा सत्कार होईल.

मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना आजार आहे. मी हात वर केला. "आणि एखाद्या मुलाला काही सापडलंच नाही तर?"

"नजर असेल तर सापडतं," मोठ्या बाई म्हणाल्या.

सगळ्या बायकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या मुलीला नजर नाही, हे तिथल्या तिथे ठरून गेलं. मी खाली बसले. घरी जाताना नवऱ्याने विचारलं की सभेत काय झालं. मी म्हटलं, प्रोत्साहन द्यायचं आहे. तो म्हणाला, देऊ की.

पहिल्या आठवड्यात खोडरबर, टोकयंत्रं, एक हेअरबँड, अशा खरोखर हरवणाऱ्या वस्तू आल्या. दुसऱ्या आठवड्यात वस्तूंची तब्येत सुधारली. कंगवे आले. इस्त्री केलेले रुमाल आले. एक टॉर्च आला, त्यात सेल नवे होते. पाचवीतल्या एका मुलाला गॉगल सापडला, तो अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. त्याचे वडील कॅम्प दोनमध्ये चष्म्यांच्या दुकानात सेल्समन होते, पण हा योगायोग कुणी काढला नाही. कुणाला शिंपीकामाची कात्री सापडली, कुणाला कुकरची शिट्टी. कळस म्हणजे एकाला रस्त्यात भिंतीवरचं घड्याळ सापडलं. ते चालू होतं आणि वेळ अचूक दाखवत होतं. मोठ्या बाईंनी त्या घड्याळासाठी पावसाची टाळी नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू ठेवली, असं मुलगी सांगत होती.

मला आधी वाटलं, हे लोक बेशरम आहेत. नंतर लक्षात आलं की यात आपण खोटं बोलतोय असं एकालाही वाटत नव्हतं. शाळेने आजवर जे जे मागितलं ते आम्ही देत आलो होतो. प्रोजेक्टला थर्माकोल मागितलं, दिलं. गॅदरिंगला शेतकऱ्याचं धोतर मागितलं, मामाचं दिलं. ज्वालामुखी करायला सांगितला, तो बापाने रात्री जागून केला आणि पोराने सकाळी स्वतःचा म्हणून नेला. तसंच आता प्रामाणिकपणाला वस्तू लागत होत्या, तर आया सकाळी डबा भरताना सापडायलाही काहीतरी द्यायच्या. "पाण्याची बाटली घेतलीस? रुमाल घेतलास? आणि हे सापडलंय ते घेतलंस का?" हे वाक्य मी माझ्या कानांनी आमच्या जिन्यात ऐकलं आहे.

शेजारीण या बाबतीत आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या मुलीचं नाव जवळजवळ रोज फळ्यावर असायचं. एका संध्याकाळी मी मुलीला न्यायला गेले तेव्हा ती मोरीवरच्या फळीवर हात फिरवत होती.

"ताई, तुमच्याकडे काही पडून आहे का हो?" ती म्हणाली. "आमच्याकडचं सगळं सापडून झालं."

मी म्हटलं, बघते. दुसरं काय म्हणणार? माझं पोर तिच्या घरात तिच्या हातचं खाऊन वाढत होतं.

आमच्या मुलीचं नाव फळ्यावर आलं नव्हतं. आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची. वीज असली तर दिव्याखाली, नसली तर मेणबत्तीजवळ. पाच शीलांतलं चौथं खोटं न बोलण्याचं. मुलगी ते पाठ म्हणायची आणि त्याचा अर्थही तिला कळायला लागला होता, इथेच सगळी पंचाईत होती. तिच्या हातात पेन देऊन 'हे सापडलं म्हण' असं सांगायची आमच्या घरात सोय नव्हती.

ती आपली खरंच शोधत होती. खाली मान घालून चालायची. रिक्षा स्टँडजवळ, पानाच्या टपरीमागे, गटाराच्या कडेने. तिला मिळायचं ते गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची बुचं, तुटलेली बटणं. एकदा तिला चप्पल सापडली. एकच, डाव्या पायाची, बऱ्या अवस्थेतली. ती धुऊन, पिशवीत घालून तिने वर्गशिक्षिकेकडे दिली. बाई म्हणाल्या, "असलं काही आणायचं नाही गं, घाण." पहिला आठवडा सोडला तर त्या महिन्यात शाळेत आलेली खरी हरवलेली वस्तू ती तेवढीच असावी. ती शिपाईमामांनी कचऱ्यात टाकली.

त्या दिवशी गणवेशाच्या घड्या घालताना ती मला म्हणाली, "मम्मी, माझी नजर प्रामाणिक नाहीये का?"

"नजरेचा काय संबंध? तुला काही सापडलं नाही, एवढंच."

"पण मोठ्या बाई म्हणतात, नजर असेल तर सापडतं. तिला रोज सापडतं. आम्ही दोघी एकाच रस्त्याने जातो."

यावर मी काय सांगणार होते? खरं सांगायचं तर समोरच्या घराची अब्रू जात होती. खोटं सांगायचं तर मेणबत्तीसमोर रोज काय म्हणतो आपण? मी तिला म्हटलं, जेवायला चल. असला भंपक उपक्रम काढणाऱ्या बाईला बाकाखाली बसवून पट्टीने बडवावं, असं मला त्या क्षणी फार वाटलं. सौजन्यशीलता हे मूल्य जानेवारीत होतं.

कारखान्यात मी हे सगळं सेठना सांगितलं. सेठ सिंधी होते, मनाने मोठे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, शिवणाऱ्या मुलाला हाक मारली आणि लाल रंगाची एक पर्स माझ्या टेबलावर ठेवली.

"ले जाओ मॅडम. बेटी को बोलो, रस्ते में मिला."

"सेठ, तसं नाही चालत. वो झूठ होगा."

सेठ दुखावले. "अरे मॅडम, रिजेक्ट माल नहीं है. एक नंबर पीस है. चेन देखो." मी चेन पाहिली. चेन चांगली होती. मी पर्स परत केली, तर दिवसभर ते माझ्याशी जरा तुटकच वागले.

नवऱ्याने मात्र उपाय काढला. तो म्हणाला, आपण तिला वस्तू द्यायची नाही, रस्त्यात ठेवायची. तिला ती खरंच सापडेल. मग ती खोटं कुठे बोलली? मला हे पटलं नाही, पण त्यातली चूक दाखवताही येईना. रात्रपाळीहून येताना त्याने स्वतःचा मफलर शाळेच्या वाटेवर, बंद पडलेल्या पीठगिरणीच्या ओट्यावर ठेवला आणि टपरीमागे चहा घेत उभा राहिला. त्या मफलरला ॲसिडच्या थेंबांनी भोकं पडली होती. मी म्हटलं, अहो, ती ओळखेल. तो म्हणाला, रस्त्यात सगळे मफलर सारखेच दिसतात.

मैत्रिणीला पुढे जाऊ देऊन मुलगी आली, थांबली, तिने मफलर उचलला, झटकला आणि शाळेकडे न जाता मागे फिरली. तिने तो घरी आणून दिला. तोवर नवरा धावतपळत दुसऱ्या रस्त्याने येऊन खाटेवर पडला होता.

"पप्पा, तुमचा मफलर पडला होता. बरं झालं मला दिसला."

"हो का? पडला वाटतं," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. चौथं शील आमच्या घरात अशा रीतीने मोडलं, आणि तेही नवरा नुसत्या चहावर असताना. मुलीला शाळेत पोहोचायला उशीर झाला. तिने बाईंना कारण सांगितलं. बाई म्हणाल्या, ते घरातल्या घरात झालं, ते धरत नाहीत. शाळेत जमा केलं तरच नाव.

महिनाअखेरीला प्रदर्शन भरलं. हॉलमध्ये लांबच लांब टेबलं जोडून त्यावर चादरी अंथरल्या होत्या. प्रत्येक वस्तूजवळ पुठ्ठ्याचं लेबल होतं: 'टॉर्च, चालू', 'कात्री, धारदार', 'घड्याळ, भिंतीवरील'. मोठ्या बाई माइकवर म्हणाल्या, "आता पालकांनी शांतपणे एका रांगेत यावं. आपली वस्तू ओळखावी आणि घेऊन जावी. काही संकोच बाळगू नये."

आम्ही रांगेत गेलो. इतकी शिस्तबद्ध रांग मी अंबरनाथमध्ये रेशनलाही पाहिली नाही. प्रत्येकजण आपल्या वस्तूजवळ आला की पाय थोडे जड व्हायचे, डोळे वर छताकडे जायचे आणि माणूस पुढे सरकायचा. एका टेबलावर कंपनीचा शिक्का असलेलं पिवळं हेल्मेट होतं. ज्याचं होतं तो बाप त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. हेल्मेट नाही म्हणून गेटवर रोज बोलणी खात होता बिचारा, पण हात पुढे करायची हिंमत झाली नाही. कात्रीची मालकीण कात्रीला एकदा बोट लावून निघून गेली. रांग संपली आणि टेबलं जशीच्या तशी भरलेली राहिली.

मोठ्या बाईंचा चेहरा पडला. "एकाही वस्तूला मालक नाही?" त्या म्हणाल्या. मग त्या मुलांकडे वळल्या. "मुलांनो, तुम्ही या. तुम्ही नीट बघा. कुणाची वस्तू ओळखता आली, मालक शोधून देता आला, तर तोही प्रामाणिकपणाच आहे. त्याचंही नाव आपण फळ्यावर लिहू."

माझी मुलगी सगळ्यांच्या आधी निघाली. महिनाभर मान खाली घालून चालणारं पोर ताठ होऊन टेबलांच्या कडेने चाललं होतं. एका ठिकाणी ती थांबली. तिथे स्टीलचा मध्यम आकाराचा डबा होता. तिने तो उचलला, फिरवून पाहिला, आणि तिचा चेहरा जो काही फुलला, तसा मी त्या महिन्यात एकदाही पाहिला नव्हता.

आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नावं घालतात. वस्तू सापडण्याच्या घाईत हे शेजारणीच्या लक्षातून गेलं होतं. डब्याच्या काठाखाली तिचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव ठसठशीत घातलेलं होतं, आडनावासकट. शिवाय माझ्या मुलीला नाव वाचायचीही गरज नव्हती. याच डब्यातल्या चकल्या ती रोज संध्याकाळी खात आली होती.

ती डबा छातीशी धरून धावत शेजारणीकडे आली. मी शेजारीच उभी होते.

"काकू, तुमचा डबा! सापडला!"

शेजारणीने डब्याकडे पाहिलं. मग स्टेजकडे पाहिलं. स्टेजवर तिची मुलगी नव्या फ्रॉकमध्ये, केसात अबोलीचा गजरा घालून, सत्काराच्या खुर्चीत बसली होती. डबा तिनेच आणून दिला होता.

"नाही गं बाळा," शेजारीण म्हणाली. "माझा नाही हा."

"पण काकू, यावर नाव आहे तुमचं."

"त्या नावाच्या पुष्कळ बायका असतात."

"आणि काकांचं पण आहे."

शेजारीण हसली. तसलं हसू मला पाहवलं नाही. "नाही म्हटलं ना बाळा. ठेव जा परत."

मुलीने डबा पुन्हा पाहिला. तिने नावावरून बोट फिरवलं, पहिलीतली मुलं वाचताना फिरवतात तसं. मग तिने माझ्याकडे मान वर केली आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मम्मी, हा काकूंचाच डबा आहे ना?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. हेल्मेटवाला बाप, कात्रीवाली बाई, घड्याळवाले दोघे नवरा-बायको. त्यांच्या डोळ्यांत एकच विनवणी होती. शेजारीणही बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत माझ्या मुलीच्या सगळ्या संध्याकाळी होत्या. स्टेजवरची पोर खुर्चीच्या कडेला सरकली होती आणि गजऱ्याचं टोक ओढत होती. 'नाही बाळा, तुझी काहीतरी चूक होतेय', एवढंच म्हणायचं होतं. दोन्ही पोरी वाचल्या असत्या आणि डब्याला काही तोंड नव्हतं.

मला त्या क्षणी पंचशील वगैरे काही आठवलं नाही. मी एवढंच पाहिलं की या मुलीला महिनाभर सगळ्यांनी मिळून पटवलंय की तिच्या नजरेत खोट आहे, आणि आता ती डोळ्यांसमोरचं नाव वाचून मला विचारतेय की जे दिसतंय ते आहे ना.

"हो," मी म्हटलं. "काकूंचाच आहे."

मोठ्या बाई स्टेजवरून उतरून आल्या, त्यांनी डबा हातात घेतला, चष्मा वर करून नाव वाचलं आणि ते माइकवर मोठ्याने वाचून दाखवलं. मला वाटलं, संपलं आता.

"पाहिलंत?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले. "आईचाच हरवलेला डबा लेकीला सापडला, आणि तिने तो घरी न नेता शाळेत जमा केला! याला म्हणतात संस्कार!"

त्यांनी एका बोटाने पावसाची टाळी सुरू केली. पालकांनी ती उचलून धरली. सुटकेच्या आनंदात माणसं किती जोरात टाळ्या वाजवतात, ते मी त्या दिवशी ऐकलं. बाई भोळ्या होत्या की महाबिलंदर होत्या, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. शेजारणीच्या मुलीचा सत्कार झाला. माझ्या मुलीचं नावही फळ्यावर लिहिलं गेलं, पण सर्वांत खाली, जागा उरली नव्हती म्हणून बारीक अक्षरात. बाकीच्या वस्तू कुणी नेल्या नाहीत. घड्याळ शिक्षकांच्या खोलीत लागलं.

जिन्यात शेजारणीने मला गाठलं. डबा तिच्या पिशवीत होता.

"ताई, पोरीसमोर माझी लाज काढलीत."

"वहिनी, मी काही काढायला गेले नव्हते. तिने विचारलं."

"पोरी काय, काहीही विचारतात. आपण मोठ्यांनी सांभाळायचं असतं." मग ती रडायलाच लागली. "मी तुमच्या मुलीला माझ्या मुलीसारखं बघितलं. उद्यापासून तिचं तुम्ही बघा."

त्यात खोटं काही नव्हतं. तिने बघितलंच होतं. मला तिची माफी मागावीशी वाटली, पण कशाबद्दल मागायची ते सुचेना, आणि तोवर तिने दार लावून घेतलं होतं.

घरात मुलीने दप्तर ठेवलं. ती म्हणाली, "डबा हरवला नव्हता ना?"

"नव्हता."

"म्हणजे तिला रोज सापडायचं ते..."

"घरचंच होतं. तिचं आणि इतरांचंही. तुझ्या नजरेत काही कमी नाही." आणि आता बोलायलाच लागले होते, तर मी तेही सांगून टाकलं. "पप्पांचा मफलरपण पडला नव्हता. पप्पांनी ठेवला होता."

"ते मला माहीत होतं."

"कसं?"

"त्यावर दगड ठेवला होता. उडू नये म्हणून. मला वाटलं, मला काही जमत नाही म्हणून पप्पा मदत करतायत. म्हणून मी काही बोलले नाही. त्यांना वाईट वाटलं असतं."

नवरा तेव्हा दुसऱ्या पाळीला गेला होता. तो समोर असता तर मी त्याला काय काय बोलले असते, कोण जाणे. मी स्टोव्ह पेटवायला घेतला, कारण माझे डोळे भरून आले होते आणि तिला ते दिसायला नको होते.

थोड्या वेळाने वीज गेली. आमच्या बिल्डिंगमध्ये वीज गेली की सगळी पोरं खाली उतरायची आणि अंधारात लपंडाव सुरू व्हायचा. रोज समोरचं दार वाजायचं, मग आमचं, आणि दोघी हात धरून जिना उतरायच्या. त्या दिवशी समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. आमच्या मुलीने चपला घातल्या. पावलं आमच्या दारावरून खाली गेली.

ती तशीच चपला घालून गॅलरीत जाऊन उभी राहिली. खालून राज्य घेण्यावरून भांडणं ऐकू येत होती, त्यात तिच्या मैत्रिणीचा आवाज सगळ्यांत वरचा होता. मी वात नीट करून मेणबत्ती लावली आणि तिच्याजवळ गेले.

"मम्मी," ती म्हणाली, "तू नाही म्हणाली असतीस, तर तिने मला बोलावलं असतं ना?"

"बोलावलं असतं."

"मग नाही म्हणायचंस ना. तू 'हो' का म्हणालीस?"

"कारण तू मला विचारलंस," मी म्हटलं.

हे उत्तर तिला अजिबात पटलं नाही. ती माझ्या पोटात तोंड खुपसून रडत राहिली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत तिथेच उभी राहिले.